रेजिनाचा उजवा पाय

आधीच सांगून ठेवते, मला शांतपणे काही सांगता येत नाही. आमचे हे, बाळकृष्ण, म्हणतात की नयना देवाची आरतीसुद्धा भांडल्यासारखी म्हणते. असू दे. रेजिनाबद्दल सांगायचं तर भांडल्याशिवाय सांगताच येणार नाही, कारण त्या आठवड्यात माझा जीव जो टांगणीला लागला तो अजून पुरता खाली आलेला नाही.

रेजिना तुस्कानो इथे बडोद्यात, तरसालीला, आमच्याच सोसायटीत राहते, आमच्यापासून चार घरं सोडून. मूळची वसईची, कॅथलिक. फोनवर माहेरच्यांशी त्यांची ती वसईकडची बोली, माझ्याशी स्वच्छ मराठी, आणि भाजीवाल्याशी असं गुजराती की तो विचारतो, बेन, तमे आणंदना? नर्सिंग शिकली, अल्बर्टशी लग्न होऊन बडोद्याला आली. अल्बर्ट रिफायनरीत होता. माणूस भला, पण छातीने दगा दिला, मुलगी शाळेत असतानाच गेला. मग हिने रात्रपाळ्या करून मुलीला शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि आता साठीला आली तरी एका नर्सिंग होममध्ये जातेच. ह्यांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा इंजेक्शनं द्यायला आमच्याकडे यायची. हे कळवळले की म्हणायची, "भाऊ, एकदा बाळंतपणाच्या वॉर्डात येऊन बसा, मग ओरडा." मला ती तिथेच आवडली.

आता तिच्या मनात काय होतं ते सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. त्याला पवित्र गुरुवार म्हणतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. गुरूने जमिनीवर वाकायचं आणि शिष्याने खुर्चीत बसायचं. ऐकलं तेव्हा मी म्हटलं, वा, केवढी छान चाल! पण ते बारा कोण? पुरुष. दर वर्षी पुरुष. बायकांचेही पाय धुवायला हरकत नाही, अशी रोमहून परवानगी आली त्याला दहाएक वर्षं झाली, पण ती त्यांच्या चर्चच्या कमिटीपर्यंत काही पोचली नव्हती. रेजिना दर वर्षी विचारायची, आणि दर वर्षी तिला उत्तर मिळायचं की बघू. फादर बदलले, उत्तर तेच राहिलं.

"परात मी घासायची, टॉवेल मी धुवायचा, इस्त्रीही मीच करायची," ती म्हणायची, "आणि पाय मात्र सिल्व्हेस्टरचे." हा सिल्व्हेस्टर म्हणजे कमिटीचा मुख्य. गेली कित्येक वर्षं तो त्या बारांत पहिल्या खुर्चीवर.

मी एकदा विचारलं, "अगं, पण पाय धुवून घेण्याचं एवढं काय मनाला लावून घेतलंयस?"

ती भांडली नाही. म्हणाली, "ताई, मी आयुष्यभर लोकांचे पाय धुतले. पेशंटचे धुतले, सासऱ्यांचे धुतले, अल्बर्ट गेला तेव्हा त्याचेही मीच धुतले. माझ्यापुढे कधी कुणी वाकलं नाही. देवाच्या घरात एकदा तरी कुणी वाकू दे." यावर मी काय बोलणार? गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा.

मंगळवारी दुपारी आमचा अड्डा असायचा. रेजिना, मी आणि शहरातल्या वाडी भागातली शाहीनआपा. शाहीनआपा बांधणीचं काम करते. तिच्या सुनेचं बाळंतपण रेजिनाच्या हातचं, तेव्हापासूनची ओळख. चहा आणि भाखरवडी घेऊन आम्ही तिघी देवाधर्मावर तोंडसुख घ्यायचो. रेजिना सांगायची, मेलेला येशू उठला तो आधी एका बाईला दिसला, मारिया माग्दालेनाला, आणि निरोप सांगायलाही तिलाच धाडलं, पण शिष्यांना वाटलं बाई बरळतेय. "पहिली उपदेशक बाई होती," ती टेबलावर हात आपटून म्हणायची, "आणि आज वेदीवर आम्हाला फुलं लावायला तेवढं बोलावतात." शाहीनआपा हसायची. म्हणायची, "तुम्ही पाय कुणी धुवावेत म्हणून भांडता. आम्ही नमाजाआधी आमचे आपणच धुतो, दिवसातून पाच वेळा. पण धुवून झाल्यावर मशिदीत जागा कुठे, ते मात्र विचारू नका."

मग मी माझं गाऱ्हाणं काढलं. चैत्रात आमच्यात चैत्रगौर बसते. बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, पाय धुवायचे, हाताला चंदन लावायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं. माझं माहेर इथल्याच रावपुऱ्यातलं. बाबा गेल्यावर माझी आई तीच डाळ वाटायची, तेच पन्हं गाळायची, पण पाय धुवायची वेळ आली की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. पाय धुवायचे ते सवाष्णीचे.

रेजिनाने कप खाली ठेवला. "म्हणजे बघ हं, आमच्याकडे पुरुषांचे पाय, तुमच्याकडे जिचा नवरा जिवंत तिचे. बाईचे पाय कुठेच नाहीत. एकीकडे पुरुषाचे आणि दुसरीकडे नवऱ्याचे!"

त्याच दिवशी आमचं ठरलं. मी माझ्या गौरीपुढे नवरा नसलेल्या बायकांना बसवायचं आणि तिने तिच्या चर्चमध्ये बारांत बायकांना बसवायचं. दुसऱ्याच्या धर्मात नाक खुपसायचं नाही, आपापलं अंगण आपण झाडायचं. शाहीनआपा म्हणाली, "माझं अंगण जरा मोठं आहे, मला थोडा वेळ द्या."

आणि काय सांगू, या वर्षी नवे फादर हो म्हणाले! तरुण आहेत, दाहोदकडचे. सहा पुरुष, सहा बायका. रेजिनाने चप्पलही न काढता दारातूनच मला ते सांगितलं. "ताई, माझं नाव आहे." दोनदा तेच म्हणाली.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू मी त्या पवित्र गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी ठेवलं. सोसायटीतल्या नेहमीच्या बायका आल्या, रेजिना आली, शाहीनआपा आली. मी पाटावर रेजिनाला बसवलं आणि तिचे पाय धुतले. दोघीतिघी कुजबुजल्या, कुजबुजू देत. चंदन लावलं, ओटी भरली. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला. "थांब. आमच्यात ज्याचे पाय धुतले त्याने पुढे दुसऱ्याचे धुवायचे असतात, नुसतं उठून जायचं नसतं." आणि मला पाटावर बसवून तिने माझे पाय धुतले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आमची सून रसिका फोनवर सगळं घेत होती.

आता इथे घोटाळा झाला. रसिका गुणी पोरगी, पण तिला काही चांगलं दिसलं की जगाला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. तिने त्या व्हिडिओला बासरीचं संगीत लावलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माझ्या सासूबाई आणि त्यांची मैत्रीण. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवरून तन्मयला, म्हणजे माझ्या मुलाला आला. पण अर्धाच. मी रेजिनाचे पाय धुतले तो भाग कुणीतरी कापला होता. उरलं ते एवढंच, की एक ख्रिस्ती बाई एका हिंदू बाईच्या पायांवर पाणी ओततेय, डोळे मिटून मंत्र म्हणतेय आणि हिंदू बाई रडतेय. बासरी तशीच. वर लिहिलं होतं, तरसालीत घरात घुसून धर्मांतर.

माझं धाबं दणाणलं. रसिका तर इतकी घाबरली की तिने आपल्या फोनमधला मूळ व्हिडिओ पुसून टाकला, ग्रुपवरूनही काढला. म्हणजे खरं काय घडलं ते दाखवणारी एकच गोष्ट होती, तीही गेली. तन्मय तिच्यावर ओरडला, मी तन्मयवर ओरडले, हे दोघांवर ओरडले. रसिका स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली.

सोमवारी सोसायटीचे सेक्रेटरी धवलभाई दारात उभे. चपला न काढता हळूच म्हणाले, "नयनाबेन, अरजी थई छे." कुणीतरी पोलिसांत अर्ज दिला होता. कुणी, ते अजून मला माहीत नाही, आणि म्हणूनच आता लिफ्टमध्ये जो भेटेल त्याच्याकडे मी चोरासारखी बघते. धवलभाई म्हणाले, तुमच्यावर काही नाही बेन, तुम्हाला तर साक्षीदार केलंय. रेजिनाबेनवर आहे.

तन्मय म्हणाला, "आई, तू फक्त एवढं सांग की मला काही कळलं नाही. तिने अचानक केलं. प्रकरण तिथेच मिटेल."

"मिटेल, आणि ती?"

तो फोन चाळायला लागला. धर्मांतराचा कायदा कडक आहे हे त्यालाही माहीत होतं. त्यात अडकलेला माणूस लवकर सुटत नाही. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापाला तिने उभं केलंय, हे विसरू नकोस." तो खाली मान घालून निघून गेला. त्याचंही चूक नव्हतं हो. पोटच्या पोराला आईची काळजी वाटणारच. पण मला इतका राग आला होता की मी दुपारभर भांडी आपटत होते.

मंगळवारी आम्हा दोघींना पोलिसांचं बोलावणं आलं. आमचा अड्डा भरायचा ती वेळ आम्ही चौकीत बसून काढली. शाहीनआपाचा फोन आला होता, "मी आले तर तुमचं आणखी बिघडेल. दुआ करते." तिचंही खरंच होतं, आणि त्याचाही मला राग आला. रेजिना नर्सिंग होममधून परस्पर आलेली, पांढऱ्या कपड्यांत. हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट. मी बडबडत होते, ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. मग एकदम म्हणाली, "ताई, मला आत टाकलं तर गुरुवार जाईल." तुरुंगाची नाही, तिला गुरुवारची काळजी!

आतल्या अधिकारी बाईच होत्या. तरुण, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्यांनी तो अर्धा तुकडा आम्हाला दाखवला आणि रेजिनाला विचारलं, "पाणी ओतताना काय म्हणत होतात?"

रेजिना खोटं बोलत नाही. हा तिचा गुण आहे आणि त्या वेळी मला तो मोठा दुर्गुण वाटला. ती म्हणाली, "हिचे गुडघे फार दुखतात. ते बरे कर, असं देवाला म्हणत होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बरं करण्याचं आमिष दाखवलंत?"

रेजिनाचं तोंड पांढरं पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मग माझं जे नेहमी होतं तेच झालं, तोंड सुटलं. "अहो मॅडम, ही नर्स आहे! रोज मला गोळ्या देते, शेक द्यायला लावते, जिना चढू देत नाही. तरी कवडीचा गुण नाही. हिच्या गोळ्यांनी झालं नाही ते प्रार्थनेने काय होणार? आणि आमिषच म्हणाल तर आधी मी दाखवलंय. आधी मी हिचे पाय धुतले. माझ्या गौरीपुढे, माझ्या पाटावर. मग मी हिला हिंदू केलं का?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण अगदी थोड्या. पहिल्या भागाचा व्हिडिओ कुठे आहे म्हणाल्या. मी सांगितलं, सुनेने भीतीने पुसला. "लोक पुसायचं ते ठेवतात आणि ठेवायचं ते पुसतात," असं म्हणून त्यांनी चैत्रगौर म्हणजे काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं, कैरीच्या डाळीसकट. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हा अर्ज माझ्याकडे राहील. सध्या काही करत नाही." तो 'सध्या' शब्द माझ्या कानात रुतून बसला. उठताना त्यांनी मला वेगळं थांबवलं. "बेन, एक लक्षात ठेवा. या आठवड्यात तुम्ही त्यांच्या चर्चमध्ये दिसलात आणि कुणी व्हिडिओ काढला, तर माझ्या हातात काही राहणार नाही. रेजिनाबेनना मी वाचवू शकणार नाही." त्यांनी ते धमकी म्हणून सांगितलं नाही. काळजीने सांगितलं, हेच जास्त वाईट.

मला वाटलं संकट टळलं. छे! बुधवारी सकाळपासून रेजिनाचा फोन वाजायला लागला. बारांतल्या बायका एकेक करून गळाल्या. एकीचा नवरा नको म्हणाला, एकीला बँकेतल्या नोकरीची भीती, एकीची मुलगी रडली, एकीने नुसतं "सॉरी हं" म्हणून ठेवून दिला, आणि पाचवीने फोन केलाच नाही, तिच्या नवऱ्याने केला. संध्याकाळी सिल्व्हेस्टर घरी आला. म्हणाला, "रेजिना, तुझ्यामुळे सगळ्या चर्चवर डोळे लागलेत. पोलिसांनी सोडलं ना, देवाचे आभार मान आणि गप्प बस." खुर्च्या पुन्हा पुरुषांनी भरल्या. राहिली एकच, तिची.

फादरनी नाही म्हटलं नाही, हे मात्र त्यांच्या नावावर लिहून ठेवते. ते म्हणाले, तू आलीस तर मी तुझ्यापुढे वाकेन. नाही आलीस तर रागावणार नाही. "म्हणजे सगळं माझ्यावरच टाकलं," रेजिना म्हणाली. ती टॉवेलांना इस्त्री करत होती. तोच तोच टॉवेल पुन्हा पुन्हा.

"जा," मी म्हटलं. "नाही गेलीस तर तो अर्ज जिंकला."

"आणि गेले, आणि काही झालं तर?"

मी तिच्या हातातला टॉवेल घेऊन घडी घातली. मग ती म्हणाली, "जाते. पण तू येऊ नकोस ताई. त्या मॅडमनी काय सांगितलं ते मला कळलंय. माझं काय व्हायचं ते होवो, तू माझ्या केसमधला पुरावा होऊ नकोस." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

गुरुवारी ऊन उतरता उतरता माझे पाय घरात ठरेनात. ह्यांनी विचारलं कुठे, मी म्हटलं मारुतीला. ह्यांना कळलंच. रिक्षा केली. वाटेत दोनदा रिक्षावाल्याला म्हटलं, भाई, वळवा, आणि दोनदा म्हटलं, नाही, चला. तो वैतागून म्हणाला, "बेन, पहेलां नक्की करो ने."

चर्च भरलेलं होतं. डोक्यावर पदर घेऊन मी मागच्या बाकाच्या टोकाला बसले. तिथे बऱ्याच बायकांच्या डोक्यावर ओढणी किंवा पदर होता, म्हणून खपून गेले. तरी वाटत होतं, सगळे माझ्या कपाळावरच्या टिकलीकडेच बघतायत. पुढे वेदीजवळ बारा खुर्च्या. अकरा पुरुष आणि टोकाला रेजिना. अंगावर लग्नातली फिकट निळी साडी. तिच्या शेजारच्याने खुर्ची किंचित दूर सरकवून घेतली होती. तेवढंही मला मागून दिसलं, आणि हात शिवशिवले.

फादरनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला. सिल्व्हेस्टरपासून सुरुवात. त्यांच्यात एकच पाय धुतात, उजवा. पाणी ओतायचं, पुसायचं, ओठ टेकवायचे, पुढच्याकडे जायचं. गाणारे गुजरातीत गात होते. फादर सरकत सरकत येत होते आणि मी खुर्च्या मोजत होते. रेजिनाने चप्पल काढून ठेवली होती. पाऊल जमिनीवर टेकवून अशी बसली होती की जणू परीक्षेचा निकाल आहे.

फादर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तिने समोर पाहिलं, लोकांकडे. आणि तिला मी दिसले.

मला ते लगेच कळलं, कारण तिचं तोंड एकदम बदललं. तेवढ्यात मधल्या रांगेतला एक माणूस उभा राहिला आणि त्याने फोन वर धरला. रेजिनाने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे. आणि पाय मागे ओढून खुर्चीखाली घेतला.

फादर थांबले. हळूच काही म्हणाले. तिने मान हलवली, नाही. चर्चमध्ये कुजबूज झाली. माझ्या शेजारची म्हातारी कौतुकाने म्हणाली, "पीटरसारखं करतेय. बायबलमध्ये पीटरपण आधी नको म्हणतो ना, माझे पाय धुवू नका, तसं." लोकांना वाटलं हा प्रसंग तिने मुद्दाम बसवलाय. गाणं संपलं, गाणाऱ्यांनी तेच पुन्हा सुरू केलं. फादर तसेच वाकलेले, हातात तांब्या. आणि ती माझ्याकडे बघतेय. अहो, ते डोळे! जा म्हणत होते. ओरडून सांगत होते, जा.

मी एवढ्यासाठी आले होते. ते पाणी तिच्या पावलावर पडताना मला बघायचं होतं. आणि मी बसून राहिले असते तर ते पडलं नसतं.

मी उठले. पदर तोंडावर ओढला, बाकाला धडकले, गुडघ्यातून कळ गेली, आणि मागे वळून न बघता बाहेर आले. फाटकापर्यंत चालत गेले, मग रस्ता ओलांडून सोडावाल्याच्या गाडीआड उभी राहिले. आतून गाणं ऐकू येत होतं. त्यातून काय कळणार? पाय पुढे केला की उठून गेली? तो माणूस कोण? माझं तोंड आलं असेल का त्याच्यात? चौकीतल्या त्या बाईंचा तो 'सध्या' आज संपला का? सोडावाल्याने तीनदा विचारलं, "बेन, शुं आपुं?" मी एक लिंबू सोडा घेतला आणि तसाच हातात धरून राहिले.

लोक बाहेर पडायला लागले, आणि बऱ्याच वेळाने ती आली. इकडे तिकडे पाहिलं, मला शोधलं, रस्ता ओलांडून आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "झालं."

"धुतला?"

"धुतला. पाणी कोमट होतं. म्हाताऱ्यांना गार लागू नये म्हणून फादरनी गरम करायला सांगितलं होतं."

"आणि तो फोनवाला?"

ती सोडावाल्याच्या बाकड्यावर बसली. "सिल्व्हेस्टरचा जावई. सिल्व्हेस्टरची मुलगी कॅनडात आहे, तिला दाखवायला बापाचा व्हिडिओ काढत होता. मी विचारलं त्याला. सगळा बघितला. तू त्यात नाहीस. मीसुद्धा नाही, मी पाय मागे घेतल्यावर त्याने बंद केला."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. म्हणजे कुणी नव्हतंच. आम्ही दोघी एका जावयाला घाबरलो. मी म्हटलं, "म्हणजे मी उगाच उठले? इतक्या लांब येऊन बघितलंसुद्धा नाही?" आणि मग मी तिच्यावर चिडलेच. "पण तू तरी! इतकी वर्षं वाट पाहिलीस, आता तरी सुखाने बसायचं होतंस ना तिथे! कसं वाटलं ते तरी सांग."

तिने चप्पल काढून उजवा पाय बाकड्यावर घेतला होता आणि तळव्यावरून हात फिरवत होती.

"काही वाटलं नाही ताई," ती म्हणाली. "पाणी पडत होतं, फादर पुसत होते, आणि मी मनात एकच म्हणत होते, देवा, ही फाटकाबाहेर पोचली असू दे. दुसरं काही आठवतच नाही मला."

अर्ज अजून चौकीत आहे, सध्या काही नाही. पण साठ वर्षांत पहिल्यांदा देवाच्या घरात तिच्यापुढे कुणी वाकलं, आणि ती तिथे नव्हती, ती माझ्यामागे रस्त्यावर पळत होती. ती घटका तिच्यापासून कुणी चोरली, त्याचा अर्ज मी कुठल्या चौकीत देऊ?